मालवण: चार रात्री, दोन पोरं आणि चिंचोक्यांची पिशवी

थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीचचा, सोबत सासूबाई आणि त्यांचा गुडघा. अशा लवाजम्यासकट आम्ही जानेवारीत ठाण्याहून मालवणला जाऊन आलो. पोरांच्या जन्मानंतरचा हा आमचा पहिला 'लांबचा' प्रवास. जाण्याआधी ज्याला त्याला विचारत होते, तेव्हा निम्म्या लोकांनी "रात्रीची गाडी घ्या, पोरं झोपून जातात" असं सांगितलं, आणि उरलेल्यांनी "इतक्यात कशाला?" असं. दोन्ही सल्ले आम्ही ऐकले नाहीत. ज्यांची पोरं याच वयाची आहेत त्यांच्यासाठी लिहितेय.

रात्रीच्या गाडीचं आधी सांगते. पोरं झोपतात हे खरं. पण अडीच वर्षांचं मूल बर्थवरून पडू नये म्हणून आईला अर्धी मांडी घालून बसून राहावं लागतं, आणि सकाळी पोरं टवटवीत नि आईबाप मेलेले अशा अवस्थेत सगळे उतरतात. त्यात खोली दुपारी बाराला मिळणार. शिवाय कोकण रेल्वे अंधारात करणं म्हणजे पंगतीला बसून नुसतं पाणी पिणं. म्हणून आम्ही दिवसाची मांडवी एक्सप्रेस धरली. सकाळी ठाण्याला चढायचं, संध्याकाळी कुडाळला उतरायचं. नऊएक तास लागतात, आणि गाडी रखडली तर वर आणखी. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात या चार-पाच दिवसांतला पोरांचा सगळ्यात आवडता दिवस तोच ठरला.

तिकिटाचं असं: पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. थोरलीचं पूर्ण तिकीट काढलं आणि ते पैसे वसूल झाले. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ख्रिसमसच्या आणि होळीच्या आसपासच्या तारखा त्याच दिवशी सकाळी संपतात, तेव्हा घड्याळ लावून बसा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. जून ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर जुन्या वेळा धरून बसू नका. आणि मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत लहान मुलं घेऊन तिकडे फिरकूच नका, जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. फेब्रुवारी-मार्चचा बेत असेल तर ती तारीख कळल्याशिवाय काही पक्कं करू नका, कारण त्या दिवसांत गाड्या, खोल्या, रिक्षा, सगळं मुंबईकर चाकरमान्यांचं असतं.

आम्ही मुद्दाम एसी न घेता स्लीपर घेतला. धूळ आली, गरम झालं, कबूल. पण खिडकी उघडी. साइड लोअरची जागा मिळाली तर सोडू नका. दोन पोरं समोरासमोर बसतात, मध्ये डबा मावतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा आपोआप होतात. वडेवाला आला की धाकटा त्याला "काका, दाखव" म्हणायचा.

आता चिंचोके. या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. कुडाळपर्यंत सगळे येत नाहीत, पण पुरेसे येतात. निघताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एका पिशवीत मूठ-दोन मुठी चिंचोके घातले होते. बोगदा आला की एक चिंचोका या पिशवीतून त्या पिशवीत. एवढाच खेळ. त्यावर थोरलीने चार तास काढले, मोबाइल एकदाही मागितला नाही. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. दोन मिनिटं झाली, तीन झाली, बाहेर काळोखच. धाकटा रडायच्या बेतात होता, तेवढ्यात थोरली गंभीरपणे म्हणाली, "याला दोन चिंचोके द्यायचे का?" रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा पूल येतो, ६४ मीटर उंच. त्या वेळी पोरं झोपली होती आणि तो मी एकटीने पाहिला. पोरं झोपलेली असताना खिडकीची जागा आपली असते, हाही दिवसाच्या गाडीचा एक फायदा.

खाण्याचं फार ओझं नेऊ नका. मांडवीची पँट्री खाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि ते खोटं नाही. मोठ्यांचं तिथे भागतं. धाकट्यासाठी दशम्या, लोणी, उकडलेली रताळी आणि मेतकुटाची छोटी बाटली होती. ही बाटली पुढे चारही दिवस कामाला आली, कारण गरम भात कुठेही मिळतो. ओले फडके, दोन जादा चड्ड्या आणि एक रिकामी झिप पिशवी हाताशी ठेवा, वरच्या बॅगेत नको. डायपर मालवणात मिळतात, पण आपल्या मापाचे आणि आपल्या कंपनीचे मिळतीलच असं नाही.

कुडाळ ते मालवण रस्ता तीसेक किलोमीटरचा. एसटी आहे, रिक्षा आहेत. आम्ही जिथे राहणार होतो त्यांनीच गाडी पाठवली होती. दिवसभर गाडीत मजेत बसलेल्या थोरलीला नेरूरपारच्या पुलानंतर वळणांवर उलटी झाली. ट्रेनमध्ये काही होत नाही म्हणून आपण गाफील राहतो आणि शेवटच्या तासात गाडी घात करते. कुडाळला उतरल्यावर भजी खायला देऊ नयेत, एवढं मी यातून शिकले.

राहण्याची जागा निवडताना आम्ही सगळ्यांत जास्त डोकं लावलं. समुद्रासमोरचं रिसॉर्ट नको, घरगुती सोय हवी, हे ठरलेलं होतं, कारण रात्री दहाला दूध गरम करून मागायचं तर स्वयंपाकघरात हक्काने जाता आलं पाहिजे. तारकर्लीच्या वाटेवर माडांच्या वाडीत घर मिळालं. त्या घरच्या वहिनी भल्या होत्या. पोचल्या पोचल्या थोरलीकडे बघून म्हणाल्या, "चेडवाक भूक लागली दिसता," आणि हातात घावन. पण खोली ठरवताना फोनवर 'समुद्र किती लांब' हे विचाराल तसंच 'विहिरीला कठडा किती उंच' हेही विचारा. कोकणातल्या वाडीत विहीर असतेच, आणि अडीच वर्षांच्या मुलाला ती पहिल्या पाच मिनिटांत सापडते. आमच्या इथे कठडा त्याच्या छातीइतका होता. घरच्या काकांनी न सांगता त्यावर दुसऱ्या दिवशी जाळी टाकून दिली. दुसरं म्हणजे माडाखाली चटई टाकून पोरांना निजवू नका. चित्रात छान दिसतं. नारळ वरून विचारून पडत नाही.

मालवणी जेवण तिखट, पोरं काय खाणार, ही माझी मोठी काळजी होती, आणि ती फुकट गेली. वहिनी सकाळी उकड्या तांदळाची पेज करायच्या. वर तूप-मीठ घातलं की धाकटा दोन वाट्या संपवायचा. घरी याच मुलाच्या मागे मी ताटली घेऊन धावते. एके दिवशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया केल्या, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून. थोरलीने त्यांना 'गोड मॅगी' असं नाव दिलं. मासा द्यायचा तर इसवण, म्हणजे आपली सुरमई: काटा मधोमध, बाकी तुकडी मोकळी, मसाला लावण्याआधी दोन तुकड्या बाजूला काढायला सांगा. सोलकढीत मिरची असते, मुलांसाठी बिनमिरचीची वेगळी मागा. खाजा मात्र घरी नेऊन द्या, आल्याचा झटका बसून थोरलीने तो माझ्याच हातावर थुंकला.

आता समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला. इथे आमचं पहिल्या दिवशी पार फसलं.

आवरून, खाऊन, टोप्या शोधून मालवणच्या जेटीवर पोचायला साडेअकरा वाजले. तिकिटाला रांग, डोक्यावर ऊन, आणि होडीत धाकट्याच्या मापाचं लाइफ जॅकेट नाही. जे दिलं त्यातून तो खाली निसटत होता. होडीवाल्याचं म्हणणं, "धरून बसा, काय होत नाय." मी नाही बसले. थोरली रडली, नवरा वैतागला, आई जेटीवरच्या सावलीत बसून कुणाचीच बाजू घेईनात. परत आलो. संध्याकाळी वहिनींनी शेजारून त्यांच्या पुतण्याचं छोटं जॅकेट आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होड्यांमध्ये गेलो. तुम्ही मुलाच्या वजनाचं जॅकेट घरूनच न्या. जागा व्यापतं, पण त्याच्यावाचून अडतं ते नेमकं होडीत पाय टाकताना. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, हेही लक्षात असू द्या.

होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं. मोठ्यांना तो वेळ कमी वाटतो, लहान मुलांना बरोबर पुरतो. तटावरून पूर्ण फेरी मारायच्या नादी लागू नका. सावली जवळजवळ नाही. गोमुखी दरवाजा जवळ येईपर्यंत दिसतच नाही, तो शोधायला पोरांनाच पुढे सोडा. मग शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं देऊळ आणि विहिरी. बस. देवळात थोरलीने विचारलं, "महाराजांना दाढी का नाही?" तिथली मूर्ती खरंच बिनदाढीची आहे, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं ऐकून धाकट्याने पहिल्या विहिरीत वाकून 'दूध' अशी हाक मारली. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, हे थोरलीला मात्र पटकन कळलं. १६६४ साली पायाभरणी, शिसं ओतून घट्ट केलेला पाया, हे सगळं मी पाठ करून गेले होते. त्यातलं तिला शिसंच आवडलं, कारण तिच्या मते ते पेन्सिलीतलं. २०२५ साली हा किल्ला इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी आहे. मंगळवार-बुधवार बघा. आईंना चढउतार जमणार नव्हती. त्या आतल्या एका घरापुढच्या ओट्यावर ताक पीत बसल्या आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहिती घेऊन परतल्या.

समुद्राचं वेळापत्रक काकांनी शिकवलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे येते. आम्ही होतो तेव्हा षष्ठी, म्हणजे सहाचे पाऊण साडेचार. मालवणला ती मुंबईच्या आधी येते, म्हणून थोडं अलीकडे धरायचं. याचा उपयोग असा की पाण्यात शिरायचं ते भरती चढत असताना. ओहोटी लागली की पाणी पाय ओढतं, तेव्हा पोरांनी वाळूतच खेळायचं. देवबागच्या संगमाकडे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाणी वरून शांत दिसतं. तिकडे मुलांना घोट्याच्या वर नेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सगळ्यात सोपा किनारा म्हणजे मालवण गावातच असलेला चिवला. एका सकाळी सातला तिथे गेलो तर रापण ओढणं चालू होतं. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत होती, थोरलीलाही कुणीतरी दोराच्या शेवटाला उभं केलं. जाळं आलं तेव्हा आत चांदीसारखी वळवळ, आणि तिच्या हातात एक खेकडा, अर्थात मेलेला. त्यानंतर स्कूबाला नवरा एकटा गेला. मी दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात एकटी फिरले. हे आधीच वाटून घ्या. दोघांनी मिळून सगळं करायचं ठरवलं की दोघांचंही काही होत नाही.

दुपारी साडेबारा ते चार आम्ही कुठेही गेलो नाही, एकाही दिवशी नाही. दार लावून, पंखा लावून सगळे झोपत होतो. यामुळे यादीतली बरीच ठिकाणं राहिली. रॉक गार्डन राहिलं, विजयदुर्ग तर विचारातूनच गेला. तिसऱ्या रात्री गावातल्या देवळात दशावतार होता. सुरू व्हायला उशीर, पण दुपारच्या झोपेमुळे थोरली जागी राहिली आणि गणपती येईपर्यंत टक लावून बसली. धाकट्याला त्यातला संकासुर राक्षस झेपला नाही. आई त्याला घेऊन घरी गेल्या.

त्याच रात्री त्याला ताप आला. थर्मामीटर, वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली तापाच्या औषधाची मात्रा आणि ओआरएसच्या पुड्या एवढंच जवळ होतं आणि तेवढंच लागलं. सकाळी गावात डॉक्टरांना दाखवलं, घसा निघाला. मालवणात ग्रामीण रुग्णालयही आहे. पण पहाटे तीनला वाडीतून गाडी काढणारं कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेलं असावं. आम्ही विचारलं नव्हतं, काकांनीच "भिया नको, गाडी आसा" म्हटलं.

परतीलाही दिवसाचीच मांडवी घेतली. कुडाळहून सकाळी उशिरा सुटते, म्हणजे पेज खाऊन निघता येतं; ठाण्याला पोचायला रात्रीचे नऊ होतात. रात्रीचं जेवण गाडीतच उरका, पोरांना पनवेलच्या आधी रात्रीचे कपडे घाला, आणि रिक्षाच्या रांगेत एकाला पुढे पाठवा. चिंचोक्यांची पिशवी वरच्या बॅगेत ठेवू नका. आम्ही ठेवली होती, आणि पहिला बोगदा आला तेव्हा पूर्ण डब्याने आमची बॅग उपसली.