जुन्या ऑटोमॅटिक घड्याळांची अवजारे : इंदूरमध्ये काय मिळते आणि काय शोधावे लागते

जुने ऑटोमॅटिक घड्याळ उघडण्याआधी अवजारांचा एखादा तयार संच विकत घ्यावा, असा सल्ला नव्या माणसाला हमखास मिळतो. तो मला मुळीच मान्य नाही. अशा संचातली निम्मी अवजारे पट्टे आणि सेल बदलण्यासाठी असतात. ज्या गोष्टींमुळे ऑटोमॅटिक घड्याळ वेगळे ठरते, म्हणजे रोटर (मनगट हलले की फिरून कमानी भरणारे वजन), त्याचे बेअरिंग आणि डबीत घसरणारी कमानी (घड्याळ चालवणारी गुंडाळलेली स्प्रिंग), त्यांच्यासाठी त्यात काहीच नसते. समोरचे घड्याळ कोणते आहे हे आधी नीट पाहावे आणि ज्या भागापाशी हात अडेल त्या भागाचे अवजार शोधायला निघावे, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या घरांतून निघणारी ऑटोमॅटिक घड्याळे बहुधा ठरावीक असतात. आखाती देशांतून आलेली सिको ५, सिटिझन किंवा रिको, एचएमटीची कांचन, आणि क्वचित कुणी जपून ठेवलेले स्विस घड्याळ. यांपैकी सिकोचे ७००९ हे यंत्र शिकण्यासाठी सर्वांत चांगले. त्याचा रोटर एका मोठ्या डोक्याच्या स्क्रूवर बसवलेला असतो आणि त्यासाठी रुंद पात्याच्या स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही. अवघड जागा डायलखाली आहे. वाराची चकती तिथे एका उघड्या तोंडाच्या, नखाच्या कडेएवढ्या बारीक तारेच्या कडीने अडकवलेली असते, आणि ती कडी सुटताना हमखास उडते. स्वच्छ पारदर्शक पिशवीत हात घालून, एका बाजूने टोकदार काडीने दाब देत आणि दुसऱ्या बाजूने बारीक पात्याने ती उचलली, तर उडाली तरी पिशवीतच राहते. त्यासाठी खास अवजार शोधण्याची गरज नाही.

स्क्रू-ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. ०.८० मिलिमीटरचा पिवळा, १.०० चा काळा, १.२० चा लाल आणि १.४० चा राखाडी, एवढे चार चांगले असले की बरेचसे यंत्र उलगडता येते. पाते स्क्रूच्या खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीने बसले पाहिजे. जाड पाते वरच्या वर घसरते आणि पन्नास वर्षे कोरा राहिलेला स्क्रू क्षणात ओरखडतो. नवीन पातेदेखील घासून आपल्या खाचेला जुळवावे लागते. त्यासाठी लागणारा बारीक तेल-दगड सियागंजमधल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एखाद्या चाकाच्या स्क्रूवर तीन खाचा दिसल्या, तर तो बहुधा उलट्या आट्यांचा असतो, हेही पाते लावण्याआधी लक्षात ठेवावे.

सराफ्यात संध्याकाळी खाण्याची गर्दी सुरू होण्याआधी गेले, तर सोनारकामाच्या सामानाच्या दुकानांत आयग्लास (डोळ्याला लावायचे भिंग), पिन-वाइस (बारीक वस्तू धरायची हातातली पकड), बारीक कानशी आणि चिमटे शांतपणे पाहता येतात. चिमटा आयग्लासखाली धरून दोन्ही टोके एकाच वेळी टेकतात का ते पाहावे, आणि तो लोखंडाचा बारीक कीस ओढत असेल तर परत करावा. हेअरस्प्रिंगजवळ (बॅलन्स चाकावरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगजवळ) चुंबकत्व आलेले पोलाद नको. दवा बाजारातून रबरी फुगा, बोटांच्या रबरी टोप्या आणि झाकणाच्या काचेच्या बशा आणाव्यात. घड्याळाच्या सामानाच्या नावाखाली याच वस्तू कितीतरी महाग पडतात.

यापुढचा शोध खरा कठीण आहे. साध्या चावीच्या घड्याळात कमानीचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला अडकलेले असते. ऑटोमॅटिकमध्ये त्या टोकाला एक वेगळी पट्टी असते आणि कमानी पूर्ण भरली की ती भिंतीला घासत घसरते, म्हणून रोटर दिवसभर फिरला तरी कमानी तुटत नाही. ही कमानी बोटांनी भरली तर ती शंकूसारखी वाकण्याचा धोका असतो. तिच्यासाठी मेनस्प्रिंग वाइंडर (कमानी गुंडाळून डबीत घालण्याचे अवजार) हवे, तेही डबीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान आणि योग्य दिशेच्या आकड्याचे. भिंतीला साधे तेलही चालत नाही. तिथे मोबियस ८२१७ किंवा क्ल्यूबर पी-१२५ यांसारखे ब्रेकिंग ग्रीस लागते. त्याऐवजी पातळ तेल लावले तर पट्टी लवकर घसरते आणि घड्याळ रात्रीतच थांबते. पट्टी घसरलीच नाही, तर बॅलन्सचा (मागे-पुढे झोके घेणाऱ्या चाकाचा) झोका मर्यादेबाहेर जाऊन घड्याळ पिसाट पुढे धावू लागते. पूर्ण भरलेल्या घड्याळाचा झोका टायमिंग मशीनवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) साधारण २७० ते ३०० अंश दिसला, की काम बरोबर झाले असे मी समजतो. वाइंडर आणि ग्रीस या दोन वस्तू बाहेरून मागवाव्याच लागतात आणि माझ्या मते पहिला मोठा खर्च यांवरच करावा.

स्टेकिंग सेट (पंच ठोकून बारीक भाग बसवण्याचा संच) मात्र नवीन घेण्यापेक्षा जुना शोधावा. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत अजून काही वयोवृद्ध घडीसाज बसतात, आणि त्यांतल्या काहींचे काम डोळ्यांमुळे थांबले आहे. एका काकांकडे लाकडी पेटीतला सेट पाहायला मिळाला. गोल बैठकीच्या भोकांत पंच उंचीप्रमाणे उभे होते आणि रोजच्या वापरातल्या पंचांची डोकी तेवढी चकचकीत झाली होती. मी त्यांतला एक हातात घेतला, तेव्हा काका म्हणाले, "हातोडी जोरात मारायची नसते बरं का. तिचं वजनच पुरेसं असतं." असा सेट पाहताना पंचांची डोकी ठोकून पसरलेली नाहीत ना, भोकांच्या कडा धारदार आहेत ना आणि मधला टोकदार पंच खालच्या भोकात नेमका उतरतो ना, हे तपासावे. बऱ्याच जुन्या सेटचे पंच साधारण ४.७ मिलिमीटर जाडीचे असल्यामुळे हरवलेला पंच दुसरीकडून मिळू शकतो. किमतीची घासाघीस अशा ठिकाणी करू नये, असे मला मनापासून वाटते. त्या माणसाने आयुष्यभर जपलेली वस्तू आपण भंगाराच्या भावात मागणे योग्य नाही.

काही स्विस यंत्रांत रोटरचे बेअरिंग धरणाऱ्या नटाला सरळ खाच नसून लहान भोके असतात. तिथे कोणताही स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. भोकांमधले अंतर व्हर्नियरने मोजून, सांवेर रोडवरच्या लेथ कारागिराकडून पितळी दांडी खरादून घ्यावी आणि तिच्या टोकात तुटलेल्या बारीक ड्रिलच्या शेपटाचे तुकडे बसवावेत. ड्रिलचे पोलाद कठीण असल्याने त्या खुंट्या वाकत नाहीत. कारागिराला चित्र काढून, माप लिहून आणि शक्य असेल तर रिकामा नट दाखवून काम द्यावे, कारण त्यांच्या रोजच्या कामात एवढी लहान मापे क्वचितच येतात.

माणिक (चाकांच्या टोकांना आधार देणारा भोकाचा खडा) बसवण्याचे साइट्झ कंपनीचे अवजार मला अजून पूर्ण संचासह मिळालेले नाही. त्याच्या मायक्रोमीटरने माणिक शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने खाली-वर सरकवता येते आणि फुटलेले माणिक काढल्यावर उरलेले भोक त्याच्याच रीमरने (भोक रुंद करणाऱ्या पात्याने) नव्या मापाचे करता येते. रीमरविना विकले जाणारे नुसते सांगाडे अधूनमधून दिसतात. ते मी घेत नाही. उज्जैन, देवास किंवा महूकडे कुणा घडीसाजाच्या घरी रीमरसह पेटी पडून असेल, तर मला जरूर कळवावे; मी स्वतः येऊन पाहीन.