खुसपट काढणाऱ्यांच्या बाजूने

मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये पूर्वी एक भारी प्रकार चालायचा. वाचक पत्र लिहून कळवायचे की अहो मागच्या अंकात याच्या ड्रेसचा रंग वेगळा होता, किंवा हा माणूस तर गेल्या अंकात दुसऱ्या शहरात होता, मग इथे कसा उगवला. मार्व्हलचा तेव्हाचा संपादक स्टॅन ली, त्याने अशा लोकांना 'नो-प्राइझ' द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू त्याचा नियम असा होत गेला की नुसती चूक दाखवून भागणार नाही, ती चूक खरं तर चूक का नाहीये तेही तूच सांग, गोष्टीच्या आतलंच काहीतरी कारण शोधून काढ आणि आम्हाला पटव. पटलं तर घरी पाकीट यायचं, वर छापलेलं की अभिनंदन, तुम्ही जिंकलेलं अस्सल नो-प्राइझ या पाकिटात आहे, आणि उघडलं की आत काहीच नाही. रिकामं पाकीट! आणि त्यासाठी लोक पानंच्या पानं कीस पाडत बसायचे.

मला तर वाटतं फॅन लोकांना यापेक्षा चांगलं कुणी ओळखलंच नाही. बाहेरच्यांना वाटतं फॅन म्हणजे भक्त, पोस्टर लावणारा, टीशर्ट घालणारा, आणि असतात तसेही. पण जे फॅन स्वतःच्या हाताने काहीतरी करतात, चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, रोबोट कापून परत जोडतात, गेम उघडून त्याच्या पोटात शिरतात, ते माझ्या बघण्यात तरी सगळे एक नंबरचे खुसपट काढणारे असतात. त्यांना ती गोष्ट जीव तोडून आवडत असते आणि तिच्यातलं एक काहीतरी सारखं खुपत असतं, आणि शेवटी ते खुपणं असह्य झालं की हात शिवशिवायला लागतात. मी पण त्याच जातीची, त्यामुळे बाजू घेणारच.

कॉमिक्सच्या फॅन लोकांचं अख्खं जग तर तक्रारपेटीतूनच उगवलंय. साठच्या दशकात अमेरिकन कॉमिक्समध्ये वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापायला लागले आणि मग हे तक्रारखोर संपादकाला सोडून थेट एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्स नावाच्या फॅनने रॉय थॉमस या दुसऱ्या फॅनच्या साथीने 'ऑल्टर इगो' नावाचं घरगुती मासिक काढलं, आणि हाच रॉय थॉमस पुढे १९७२ ला स्टॅन लीच्या खुर्चीत मार्व्हलचा मुख्य संपादक म्हणून बसला. अजून मागे गेलात तर जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन पोरं, १९३३ मध्ये स्वतः छापलेल्या फॅनझीनमध्ये (म्हणजे फॅननेच काढलेलं मासिक) त्यांनी 'सुपरमॅन' नावाची गोष्ट टाकली होती ज्यात तो चक्क व्हिलन होता, टकला वगैरे. नंतर बहुतेक त्यांनाच ते खुपलं असावं (हा माझा अंदाज), कारण १९३८ ला जो सुपरमॅन आला तो आपल्याला माहितीये.

जपानमधलं कॉमिकेट, म्हणजे फॅन लोकांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा तो प्रचंड बाजार, त्याची सुरुवात तर भांडणातूनच झाली. एका मांगा (म्हणजे जपानी कॉमिक्स) संमेलनावर टीका करणाऱ्या एका फॅनला त्या संमेलनाने प्रवेशच नाकारला, त्यावरून चिडलेल्या मंडळींनी ठरवलं की मग आपलंच काढू, जिथे कुणालाच अडवायचं नाही. डिसेंबर १९७५ ला पहिलं भरलं तेव्हा ३२ गट आणि साधारण ७०० माणसं होती, त्यातही शाळा-कॉलेजातल्या मुलीच जास्त. आता तिथे काही लाखांत गर्दी असते.

पण मला खरं बोलायचंय ते रोबोटबद्दल.

गंडाम ही लढाऊ रोबोटांची जपानी ॲनिमेशन मालिका टीव्हीवर १९७९ ला सुरू झाली आणि ५२ भाग ठरलेले असताना ४३ वर गुंडाळली गेली, कारण स्पॉन्सर कंपनीची खेळणी खपत नव्हती. जुलै १९८० मध्ये बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने त्याच रोबोटची प्लास्टिक मॉडेल किट काढली, ती ज्यांना आज सगळे गनप्ला म्हणतात, आणि रिपीट टेलिकास्ट आणि ही किट मिळून सगळं चित्रच पालटलं. आता गंमत अशी की ती पहिली १/१४४ मापाची किट आजच्या हिशोबाने बघितली तर अगदीच बाळबोध होती, जवळपास एका रंगाचं प्लास्टिक, सोबत गोंद, कोपर धड वाकत नाही, पाय फाकत नाहीत, टीव्हीवर गुडघा टेकून गोळी झाडणारा रोबोट इथे खांबासारखा उभा. म्हणजे कुरकुर करायला पूर्ण वाव! मग लोकांनी काय केलं तर करवत घेतली. मांडी कापून लांब केली, खांद्यात पत्रा घातला, जॉइंट नवीन बसवले, टीव्हीवर कधी दिसलेच नाहीत असे रंग आणि हत्यारं तयार केली. 'स्ट्रीमबेस' नावाचा हौशी मॉडेलर पोरांचा एक गट होता, त्यांची कामं 'हॉबी जपान' मासिकात यायला लागली, १९८१ ला 'हाऊ टू बिल्ड गंडाम' हा विशेषांक निघाला, आणि या सगळ्यातून जे वाढत गेलं त्याचंच पुढे १९८३ मध्ये 'मोबाइल सूट व्हेरिएशन' म्हणून बंदाईने अधिकृत किट काढलं. मालिका संपलेली, नवीन एपिसोड नाही, आणि नवीन रोबोट येतायत! कारण कुणाला तरी प्रश्न पडला होता की हा झाकू (मालिकेतला शत्रूचा रोबोट) वाळवंटात लढला असता तर त्याच्यात काय काय बदल करावे लागले असते.

आजची किट इतकी सुंदर येतात की तक्रारीला जागा कमी झालीये, तुकडे रंगीत, गोंद नको, टकाटक बसतात. तरी ज्याला खोड आहे त्याला सापडतंच. साधं रनरमधून, म्हणजे तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, तुकडा कापणं घ्या. नवीन माणूस निपर (छोटी कापायची पक्कड) लावतो तुकड्याला चिकटून आणि कट्, मग तिथे पांढरा डाग पडतो, प्लास्टिक ताणलं गेल्याची ती खूण, आणि गडद निळ्या रंगावर तर ती लांबून दिसते. म्हणून दोनदा कापायचं, आधी थोडं लांबून, मग उरलेला खुंट हळूच, आणि शेवटचा कणभर भाग ब्लेडने किंवा ४०० च्या पॉलिश पेपरने, मग ८००, मग १०००. हात आणि पाय दोन अर्ध्या भागांचे असतील तर मधे सांधा दिसतो, तो घालवायला दोन्ही कडांना सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवणारा गोंद, लावून इतकं दाबायचं की वितळलेलं प्लास्टिक बाहेर फुगून आलं पाहिजे, मग ते पूर्ण वाळू द्यायचं, घाई केली की नंतर तिथे खळगा पडतो, आणि मग परत घासाघीस. पॅनल लाइनला, म्हणजे रोबोटच्या अंगावरच्या बारीक खाचांना, पातळ एनॅमल रंगाचा एक थेंब खाचेला टेकवला की तो आपोआप खाचेतून धावत जातो, ते बघण्यात जे सुख आहे ना! फक्त न रंगवलेल्या, ताण असलेल्या जॉइंटवर तो थिनर गेला तर प्लास्टिक तडकतं, तेव्हा तिथे हात आखडता. हे सगळं करताना शेजारी बसलेला माणूस विचारतो की अगं पण कुणाला दिसणारे ते? कुणालाच नाही. मला दिसतं ना.

ट्रान्सफॉर्मर्समध्ये खुसपटाची जागा वेगळी आहे. १९८४ ला हॅस्ब्रोने जपानच्या टाकाराची खेळणी घेतली, ज्यांच्याकडे नावं-गावं फारशी नव्हतीच, मार्व्हलकडे दिली, आणि बॉब बुडियान्स्की नावाच्या संपादकाने त्यातल्या बहुतेक रोबोटना नावं दिली, स्वभाव दिले. खोक्याच्या मागे त्या रोबोटबद्दल चार ओळी आणि एक आलेख, तो आलेख लाल-निळ्या रेघांच्या गिचमिडीत लपवलेला, सोबत मिळालेली लाल फिल्म वर धरली की ताकद किती, अक्कल किती, वेग किती ते दिसायचं. बास, इतकंच. मालिकेत काहींना एकच वाक्य मिळालं, काही नुसते मागे उभे राहिले. आणि त्या चार ओळींवर लोकांनी आयुष्यं रचली! ज्याच्या खोक्यावर 'फार बोलतो' इतकंच आहे तो फार का बोलतो, कुणाच्या भीतीने बोलतो, शांत झाला तर काय होईल, यावर शेकडो पानं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जेम्स रॉबर्ट्स. या ब्रिटिश माणसाने फॅन असताना 'युजेनेसिस' नावाची जाडजूड फॅन कादंबरी लिहिली, आणि पुढे २०१२ पासून हाच अधिकृत कॉमिक्स मालिका लिहायला लागला, 'मोर दॅन मीट्स द आय'. तीत त्याने हिरो कोण घेतले तर स्वर्व्ह, टेलगेट, असले कुणाच्या खिजगणतीत नसलेले रोबोट, आणि वाचणारे रडले राव त्यांच्यासाठी. मुख्य हिरो दिला असता तर त्याला इतकं जमलं असतं असं मला वाटत नाही, कारण तिथे भरायला जागाच शिल्लक नव्हती.

गेमवाल्यांचं काय सांगू. डूम १९९३ चा, त्यात त्याचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक, त्याने इंजिन (गेम चालवणारं कोड) वेगळं आणि नकाशे, चित्रं, आवाज वेगळ्या वॅड फाइलमध्ये ठेवले, मुद्दाम, लोकांना बदलता यावेत म्हणून. दारच उघडं ठेवलं म्हटल्यावर लोक घुसलेच. १९९६ चा 'फायनल डूम' तर दोन्ही भाग फॅन मंडळींनीच बनवलेला, त्यातला एक फुकट मिळणार होता आणि रिलीजच्या तोंडावर कंपनीने विकत घेतला, त्यावर वाट बघणाऱ्यांनी जी बोंबाबोंब केली ती वेगळीच. काउंटर-स्ट्राइक हा हाफ-लाइफचा मॉड (मूळ गेममध्ये फॅनने केलेला बदल), डोटा हा वॉरक्राफ्ट ३ चा नकाशा, हे सगळ्यांना माहितीये, पुढे जाऊ.

मला जास्त जवळचं वाटतं ते 'मदर ३' चं प्रकरण. २००६ ला जपानमध्ये आलेला गेम, बाहेर आलाच नाही, लोकांनी विनवण्या केल्या, याचिका केल्या, काही उपयोग नाही. मग क्लाइड मँडेलिन नावाच्या, पेशाने भाषांतरकारच असलेल्या माणसाने टीम जमवली आणि ऑक्टोबर २००८ ला इंग्रजी पॅच (मूळ गेमवर चढवायची फाइल) बाहेर आला. हे काम म्हणजे नुसतं भाषांतर नसतं हे लोकांना कळत नाही. जपानी अक्षरं सगळी एकाच मापाच्या चौकटीत बसतात, तिथे इंग्रजी अक्षरं तशीच कोंबली की आय आणि डब्ल्यू ला सारखीच जागा, मधेमधे दात पडल्यासारखं दिसतं, म्हणून गेमचं अक्षर उमटवणारं कोडच नव्याने लिहावं लागतं, तेही मूळ सोर्स हातात नसताना. नंतर तर मँडेलिनने निंटेंडोला सांगितलं की माझं भाषांतर फुकट वापरा, पण गेम काढा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच आणि मला त्याबद्दल प्रचंड आदर आहे.

कंपन्यांचं मात्र काही सांगता येत नाही. ख्रिश्चन व्हाइटहेडने फॅन म्हणून जुना सॉनिक नव्या इंजिनवर चालवून दाखवला तर सेगाने त्याला काम दिलं आणि त्यातून शेवटी २०१७ चा 'सॉनिक मॅनिया' आला. आणि मिल्टन गुआस्तीने वर्षानुवर्षं खपून जुन्या मेट्रॉइड २ ला नवं रूप दिलं, ऑगस्ट २०१६ ला फुकट टाकलं, तर निंटेंडोच्या नोटिसा लगेच हजर. कायद्याने त्यांचं बरोबर असेल, असेलच. पण माझं मन काही तिकडे वळत नाही. नंतर दुसऱ्या एका स्टुडिओने गुआस्तीला लेव्हल डिझायनर म्हणून घेतलं ते बरं झालं.

आता कुणी म्हणेल की मग नवीन सिझन आला की शिव्या घालत सुटणारे, लेखकाच्या मागे हात धुवून लागणारे, तेही खुसपटवालेच की. हो, आहेत, आणि डोक्यात जातात. माझी कसोटी सोपी आहे, तुला खटकलं ना, मग दाखव तुझं व्हर्जन, चार पानं लिही, एक चित्र काढ, वाईट काढ पण काढ. नो-प्राइझचा नियम तोच तर होता. आणि दुसरा वैताग म्हणजे हल्ली मालकच सगळी भोकं बुजवत सुटलेत, प्रत्येक साइड कॅरेक्टरचं बालपण, प्रत्येक जखमेचा वेगळा सिनेमा, अरे राहू द्या की काहीतरी आमच्यासाठी.

माझं सध्या काय चाललंय तर एक रोबोट आहे, नाव सांगत नाही, मालिकेत एकाच फ्रेममध्ये मागे उभा दिसतो आणि त्याचा डावा हात उजव्यापेक्षा वेगळ्या रंगाचा आहे. ॲनिमेटरची चूक, दुसरं काय, घाईत रंगवला असणार. पण मी त्याच्यावर कॉमिक करतेय, तो हात त्याचा स्वतःचा नाही इथपर्यंत आलंय, कुणाचा आहे तेही ठरलंय, आणि आता अडलंय ते यावर की ज्याचा हात होता तो अजून जिवंत असेल तर तो मागायला येईल का. एक मैत्रीण म्हणते येईल, दुसरी म्हणते एका हाताने कसा येईल लढायला, आणि तिसरीने तर मला ती फ्रेम झूम करून पाठवलीये आणि म्हणतेय की नीट बघ, पाय पण वेगळा आहे.