करवंटी

"मामा, कॉम्पॅक्टर म्हणजे पालिकेची कचऱ्याची गाडी ना? ती किचनमध्ये कशी मावली?"

भाच्यानं दादर स्टेशनच्या पुलावर विचारलं आणि मला हसू आलं. त्याला काय सांगणार, 26 वर्षं वॉशिंग मशीन, डिशवॉशर, ओव्हन, किचनच्या चिमण्या उघडतोय मी, पण घरातला कचरा दाबायचं मशीन दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा चोर बाजारात, भंगार म्हणून.

शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या एका काकांचा फोन होता. 30 वर्षं न्यू जर्सीत काढून परत आलेले. येताना सगळं घरच कंटेनरमध्ये भरून आणलं, त्यात हेही. ओट्याखाली बसणारं, पंधरा इंच रुंद, खाली खणासारखा ड्रॉवर. ड्रॉवरमधल्या पिशवीत कचरा टाकायचा, ड्रॉवर बंद करायचा, बटण दाबायचं, की वरून लोखंडी पाटी खाली येऊन कचऱ्याची वीट करते. अमेरिकेत व्हर्लपूलनं 1969 साली घरगुती कॉम्पॅक्टर बाजारात आणला, तेव्हापासून तिकडे ही चीज आहे. काकांचं मशीन कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

दार उघडताच वास आला. गणपती उठल्यानंतरच्या रविवारी काकूंनी कोलंबी केली होती. तिची सालं मशीनमध्ये, पाटी खाली अडकलेली, ड्रॉवर बंद, आणि आज बुधवार. सप्टेंबरचा उकाडा. काकूंनी अगरबत्तीचे दोन पुडे संपवले होते, त्यामुळे वासाला आणखी एक पदर आला होता.

"आधी एक जण येऊन गेला," काका म्हणाले. "मोटर जळली म्हणतो. रिवाइंडिंगचे साडेचार हजार."

जळलेली वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, नाकाला कळते. पण त्या किचनमध्ये नाकाचा काही उपयोग नव्हता. म्हणून मीटर लावला. मशीन 120 व्होल्टचं, 60 सायकलचं, म्हणजे सेकंदाला 60 हेलकावे घेणाऱ्या तिकडच्या विजेचं. त्याच्या मागे काकांनी व्होल्ट कमी करणारा चांगला जाडजूड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर बसवला होता, त्यातून 112 व्होल्ट बरोबर येत होते. बटण दाबलं की मोटर 'हूंऽऽ' करायची, पाच-सहा सेकंदांनी 'टक्' आणि गप्प. हा 'टक्' म्हणजे मोटरवरचा ओव्हरलोड. गरम झाला की लाइन तोडतो, थंड झाला की जोडतो. जळलेली मोटर अशी शहाण्यासारखी वागत नाही. प्लग काढून दोन्ही वाइंडिंग मोजल्या, ओहम व्यवस्थित, तार कुठे बॉडीला टेकलेली नाही. मोटर धडधाकट होती. तिला कोणीतरी फिरू देत नव्हतं.

या मशीनला सुरू करायला एक चावी लागते, लहान मुलांनी उद्योग करू नयेत म्हणून. ती चावी मी काढून शर्टच्या खिशात टाकली. का टाकली ते तेव्हा सांगता आलं नसतं. सवय.

खाली वर्तमानपत्रं पसरून दोघांनी मशीन आडवं केलं. त्यातून जे पाणी आलं त्याचं वर्णन करत नाही. काकू बाल्कनीत गेल्या. तळाचा पत्रा काढला आणि आत बघून मला खरंच बरं वाटलं. इतकं साधं! ना कार्ड, ना सेन्सर. डाव्या-उजव्या बाजूला आट्यांचे दोन उभे दांडे, दोन्हींच्या टोकाला स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, आणि दोघांना एकत्र फिरवणारी सायकलसारखी एकच चेन. मोटर चेन फिरवते, दांडे फिरतात, पाटीला दोन्हीकडे बसवलेले नट आट्यांवरून खाली-वर सरकतात. हातातला स्क्रू जॅक जसा गाडी उचलतो, तसंच, फक्त उलट्या दिशेनं. पत्र्यावर 2300 पौंड लिहिलेलं होतं, म्हणजे हजार किलोच्या वर दाब. तेवढ्याशा मोटरमधून.

पाना लावून चेन हातानं फिरवली. उजवी बाजू वर सरकली. डावी जागची हलेना, दांडा नुसताच नटातून फिरत होता. म्हणजे डाव्या नटाचे आटे गेलेले. पाटी तिरकी होऊन पाचरीसारखी बसली होती, मोटरनं कितीही जोर लावला तरी काय होणार? मग बाजूचा पत्रा काढून, पाव फेरा चेन फिरव, डावीकडे लाकडी ठोकळा घालून पाटी उचल, पुन्हा पाव फेरा, असं करत पाऊण तास गेला. शेवटी ड्रॉवर सुटला. मशीन उभं केलं. भाच्यानं नाकाला रुमाल बांधला आणि पिशवीखाली चाचपायला हात आत घातला, कोपरापर्यंत.

मी मागच्या बाजूला वाकून वायरी बघत होतो. काकांना वाटलं, ड्रॉवर सुटला म्हणजे काम झालं. त्यांनी प्लग लावला आणि म्हणाले, "चालतंय का बघू या," आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. चावी माझ्या खिशात होती.

तरीही ओरडलो मी. काका दचकले. म्हणाले, "अहो, पण ड्रॉवर उघडा असला की चालतच नाही हे. सेफ्टी स्विच असतो." त्यांचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. ड्रॉवर पूर्ण आत गेल्याशिवाय लाइन पुढे जायलाच नको. पण मी ज्या वायरी बघत होतो, त्या त्याच स्विचच्या होत्या. दोन्ही वायरी सोलून, एकत्र पिळून, वर काळी टेप. स्विच डायरेक्ट केलेला.

भाच्यानं हात बाहेर काढला होता. हातात नारळाची अर्धी करवंटी होती.

"हे कोणी केलं?" मी टेपकडे बोट दाखवलं. काका ट्रान्सफॉर्मरकडे बघत राहिले. बाल्कनीतून काकूंचा आवाज आला, "सांगा की आता!"

मे महिन्यात मशीन मधूनच बंद पडायचं. काकांनी व्हिडिओ बघून स्विच शोधला, तो गेलेला आहे हे बरोबर ओळखलं, आणि इथे मिळणार नाही म्हणून वायरी जोडून टाकल्या. निवृत्त इंजिनिअर माणूस, निदानात चूक नव्हती. आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार? मी धंद्यात नवीन असताना कितीतरी वॉशिंग मशीनच्या दरवाजाचे स्विच असेच डायरेक्ट करून दिलेत. गिऱ्हाईक खूश, मशीन चालू, पन्नास रुपये खिशात. त्या घरांत लहान मुलं होती का, हे मी कधी विचारलं नाही. आता ते आठवलं, आणि भाच्याच्या कोपराकडे बघवेना.

चहा झाला. मग काका मोकळे झाले आणि बाकीचं कोडंही सुटलं. गणपतीत दहा दिवस नारळ फुटत होते. कठीण वस्तू पिशवीच्या मधोमध ठेवायची असते, म्हणजे भार दोन्ही नटांवर सारखा येतो. करवंटी डाव्या कोपऱ्यात उभी राहिली, सगळा भार डाव्या नटावर. आत ओल्या कचऱ्याचं पाणी उडून दांड्यांवर गंज, ग्रीस वाळलेलं. हे मशीन मुळात कोरड्या कचऱ्याचं, आपल्याकडच्या भाज्यांच्या देठांचं आणि नारळांचं नव्हे.

नवीन नट अमेरिकेतून आणायचा तर मुलगा डिसेंबरमध्ये येणार. काकू म्हणाल्या, "तोपर्यंत हा वास इथे आणि मी बहिणीकडे." म्हणून डावा दांडा आणि दोन्ही नट पिशवीत घालून लालबागच्या एका गाळ्यात गेलो. तिथला लेथवाला माझ्या ओळखीचा. त्यानं नट हातात फिरवला, "आटे इंचातले आहेत, उद्या ये," म्हणाला. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो, तेव्हा दोन तासांत गनमेटलचे, म्हणजे कांशासारख्या धातूचे, दोन्ही नट काढून दिले. उजवा अजून चालला असता, पण एक नवा, एक झिजका अशी जोडी लावली की पाटी पुन्हा तिरकीच चालणार. तिकडे भाच्यानं लॅमिंग्टन रोडवरून 15 अँपिअरचा मायक्रोस्विच आणला, पट्टी वाकवून तो जागेवर बसला.

जोडताना मीही एक चूक केली. चेन चढवायच्या आधी दोन्ही नट एकाच उंचीवर पाहिजेत. मी नजरेनं बघून चेन चढवली. हातानं फिरवली तर पाटी डाव्या भिंतीला घासायला लागली. अर्ध्या फेऱ्याचा फरक. चेन उतरवली, तळापासून स्केल लावून दोन्हीकडे मोजलं, मग पुन्हा चढवली. काका म्हणाले, "आम्हालाही नजरेवर जाऊ नका असंच शिकवायचे." मी काही बोललो नाही.

संध्याकाळी साडेसहाला चाचणी. आधी ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून बटण दाबलं, गप्प. हे मला सगळ्यात आधी बघायचं होतं. मग ड्रॉवर बंद, आत फक्त जुनी वर्तमानपत्रं. पाटी उतरली, कागदावर टेकली, मोटरचा आवाज जड झाला, आणि क्षणभर थांबून ती उलटी फिरून वर निघाली. हा या मशीनचा सगळ्यात हुशार भाग. कुठवर दाबायचं हे कोणी सांगत नाही. मोटर दमून मंदावली की तिच्या आतला, वेगावर चालणारा सेंट्रिफ्यूगल स्विच परत मिटतो आणि दिशा बदलते. वर पोहोचली की लिमिट स्विच तिला बंद करतो.

"तिकडे अर्ध्या मिनिटात व्हायचं," काका घड्याळ बघत म्हणाले. "आता छत्तीस सेकंद." आपल्याकडे 50 सायकल, म्हणून ही मोटर इथे साधारण एक षष्ठांशानं हळू फिरणार, त्याला इलाज नाही. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि त्यांचं समाधान झालं.

पैसे देताना काकूंनी चावी माझ्याकडून मागून घेतली आणि कमरेच्या जुडग्यात अडकवली. काका बघत होते, पण हरकत त्यांनी घेतली नाही.

खाली लिफ्टपाशी इमारतीचा कचरा नेणाऱ्या मावशी डबे धूत होत्या. ओला एकीकडे, सुका दुसरीकडे, पालिकेची गाडी त्याशिवाय घेत नाही. काकांच्या घरची वीट त्यांना कोयत्यानं फोडून वेगळी करावी लागायची, हे मला तेव्हा कळलं.

"चालू केलंत का हो ते परत?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. पण आता फक्त खोकी आणि कागद. काकूंनी कबूल केलंय."

त्यांनी माझ्याकडे, मग भाच्याकडे पाहिलं, आणि भाच्याच्या शर्टाचा वास येऊन दोन पावलं मागे सरकल्या. "आधी आंघोळ करा दोघं," म्हणाल्या. दादरहून लोकलमध्ये त्या दिवशी आम्हाला बसायला जागा मिळाली.