शोधणाऱ्याच्या आधी निघालेला देव

८ सप्टेंबरचा मरियामातेचा सण जवळ आला की वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या चढावर मेणाच्या वस्तूंची दुकाने मांडली जातात. मेणाचे हात, पाय, तान्हे बाळ, एवढेसे घर. ज्याची जी गरज असेल ती वस्तू तो विकत घेतो आणि वर जाऊन अर्पण करतो, आणि त्या गर्दीत ख्रिस्ती माणसांबरोबर इतर धर्मांचे लोकही मोठ्या श्रद्धेने चढत असतात. आमच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत ही प्रथा नाही. पण रविवारच्या उपासनेत आम्ही देवापुढे जे मांडतो ते याहून फारसे वेगळे नसते. मुलाची नोकरी, भाड्याच्या खोलीऐवजी हक्काची जागा, आईचा गुडघा. यात गैर काहीच नाही, कारण रोजची भाकर मागायला तर प्रभूनेच शिकवले. मात्र आयुष्यात अशी एक वेळ येते की मागितलेले मिळूनही जीव तहानलेलाच राहतो, आणि देणाऱ्यालाच भेटावे अशी ओढ लागते. मला बोलायचे आहे ते या ओढीबद्दल.

ही ओढ आपल्या मनात उपजली, म्हणून शोधही आपणच करतो आहोत असे आपल्याला वाटते. उपवास, पहाटेची प्रार्थना, शास्त्रवाचन या सगळ्यांचा आपण नकळत हिशेब ठेवू लागतो. अशा वेळी मला पंडिता रमाबाईंचा प्रवास पुन्हा पुन्हा आठवतो. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या बाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू केली. जगाच्या दृष्टीने त्या ख्रिस्ती होत्या, सेवाही करीत होत्या. तरीही, ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, परंतु खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी त्यांना उमगले की तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, हे विद्वत्तेचे किंवा सेवेचे वेतन नसून निव्वळ दान आहे, आणि ते रिकाम्या हातांनीच घ्यावे लागते. त्यांच्यासारख्या तपस्विनीला हे स्वीकारणे किती जड गेले असेल, याचा विचार मनात आला की मी थबकते.

या दानाची पहिली चाहूल त्यांना इंग्लंडमध्येच लागली होती. लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि तुम्ही हे का करता, असे विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. त्यात भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एक शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा समाजातली, स्त्री एकटीच पाण्याला येते. तिने देवाचा शोध घेतल्याचा त्या अध्यायात कुठेही उल्लेख नाही. चालून चालून थकलेला येशू तिथे आधीच बसलेला असतो, आणि उपदेशाने सुरुवात न करता तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचे पाच नवरे झाले हे त्याला ठाऊक असते, तो ते तिला स्पष्ट सांगतोही, आणि तरी संभाषण तोडत नाही. कृपा म्हणतात ती हीच, असे मला मनापासून वाटते: आपले सगळे ठाऊक असूनही आपल्याशी बोलत राहणारा देव.

मग माणूस बदलतो तो कसा? गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत साक्षी होतात, म्हणजे लोक आपापले अनुभव सांगतात, तेव्हा एका रात्रीत पालटलेल्या जीवनांच्या कथा अधिक ऐकू येतात. त्या खऱ्या असतात, यात मला शंका नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत कृपा जुन्या हिशेबांत हळूहळू शिरते, असे माझे मत आहे. बायबलमधील जक्कय या लोकांना लुबाडणाऱ्या जकातदाराच्या घरी प्रभू येशू गेला तेव्हा अट कोणतीच घातली नव्हती, तरी लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कयाच्या तोंडून आपोआप आली.

आमच्या मंडळीतील एका गृहस्थांनी पूर्वीच्या एका भाडेकरूची अनामत रक्कम काहीतरी निमित्त काढून अडकवून ठेवली होती. त्याबद्दल त्यांना कोणी बोलले नव्हते, त्या विषयावर प्रवचनही झाले नव्हते. एका संध्याकाळी ते स्वतः पत्ता शोधत नालासोपाऱ्याला गेले आणि पहिला हप्ता त्याच्या हातात ठेवून आले. ही गोष्ट कानावर आल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना साक्ष द्यायला पुढे बोलावले, तेव्हा ते जागेवरूनच म्हणाले, "साहेब, अजून दोन हप्ते द्यायचे राहिलेत. ते देऊन झाले की बोलेन."