चांदीवरचा सिंह आणि मुलाम्यावरची अक्षरे

जुन्या ब्रिटिश चमच्याची पारख करताना मी चकाकीआधी दांड्याच्या मागचे ठसे भिंगातून पाहतो. इंग्लंडमध्ये तपासलेल्या जुन्या स्टर्लिंगवर, म्हणजे हजारात 925 भाग चांदी असलेल्या धातूवर, एक पाय उचलून चालणारा सिंह असतो. शेजारी कारागिराची आद्याक्षरे, वर्षाचे अक्षर आणि तपासणी कार्यालयाची खूण असते, जसे लंडनचे बिबट्याचे मुख किंवा बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर. शेफील्डची खूण 1974 पर्यंत मुकुट होती, परंतु नुसत्या मुकुटावर विसंबू नये, कारण मुलाम्याच्या वस्तूंवरही काही उत्पादक तो उमटवत असत.

‘ईपीएनएस’ ही अक्षरे मात्र निःसंदिग्ध आहेत. तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूवर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवला आहे, एवढेच ती सांगतात. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या पद्धतीचे पेटंट 1840 मध्ये घेतले. ही अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत, वळणदार लिपीत उमटवलेली असली, की घाईच्या नजरेला ती खऱ्या ठशांची ओळच वाटते, आणि फसगत बहुधा इथेच होते. अशा वेळी आधी सिंह शोधावा, मग झिजलेल्या कडांवर खालचा वेगळ्या छटेचा धातू डोकावतो का, ते पाहावे.