बायमेटल यो-यो घ्यायचा की नाही, माझा अनुभव

आधीच सांगतो, बायमेटल म्हणजे दोन धातूंचा यो-यो, आणि ज्यांचा बाइंड (स्ट्रिंगचा वेढा देऊन यो-यो हातात परत आणणं) अजून निम्म्या वेळा फसतो किंवा ट्रॅपीझवर (यो-यो बाजूने स्ट्रिंगवर झेलायची ट्रिक) यो-यो कधी बसतो कधी नाही, त्यांनी एवढ्यात या भानगडीत पडू नका. साधा मेटलचा घ्या आणि खुशाल आपटा. हे सगळं त्यापुढच्या लोकांसाठी आहे, ज्यांचे कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेल्या ट्रिक, आता लांब व्हायला लागलेत आणि ज्यांना प्रश्न पडलाय की महागातला यो-यो घेऊन खरंच काही फरक पडतो का.

माझ्याकडे बरीच वर्षं एकच मोनोमेटल होता, सगळाच्या सगळा 6061 जातीच्या ॲल्युमिनियमचा, आणि तो हाताला इतका बसला होता की दुसरं काही घ्यावं असं मनातही येत नव्हतं. मग ओळखीतल्या एकाने त्याचा बायमेटल विकायला काढला आणि म्हणाला, "ने, वापर पाहिजे तेवढा, मग सांग घेतोयस का." असं कोण देतं सांगा, म्हणून नेला. 7075 जातीच्या ॲल्युमिनियमची बॉडी, बाहेरच्या कडेला स्टेनलेस स्टीलची रिंग, व्यास 56 मिलिमीटर, रुंदी 45 च्या आसपास, वजन 65 ग्रॅम.

आता या आकड्यांवरून कळतं फार थोडं. 65 ग्रॅम म्हणजे जड का हलका ते वजनकाट्यावर नाही कळत, ते ग्रॅम आहेत कुठे यावर सगळा खेळ असतो. तोच एक ग्रॅम मधल्या हबपासून दुप्पट लांब नेऊन ठेवला तर फिरण्याच्या बाबतीत त्याचा जोर चौपट होतो, आणि स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट असल्यामुळे एक बारीकशी रिंग पुरते, मधलं सगळं कोरून हलकं करता येतं. बायमेटलचं सगळं गणित एवढंच आहे. टायटॅनियम या दोघांच्या मधे कुठेतरी, तो वेगळा विषय, आणि त्याचे निम्मे फॅन तर तो फरशीवर घासून ठिणग्या काढायलाच घेतात अशी मला शंका आहे.

थ्रो करायच्या आधी मी तो उघडला. बेअरिंग साइज सी, म्हणजे बाहेरचा व्यास 12.7 मिलिमीटर, दोन अर्धे जोडणारा ॲक्सल एम 4, पॅड (आतल्या भिंतीवरच्या, बाइंडला स्ट्रिंग पकडणाऱ्या चकत्या) 19 मिलिमीटरचे. हे बघून जीव भांड्यात पडला, कारण यातलं काही वेगळंच मापाचं निघालं की यो-यो कितीही भारी असला तरी पॅड झिजल्यावर तो कपाटात जाऊन पडतो.

आणि मग मी जे केलं ते मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचं बेअरिंग काढलं आणि माझ्या जुन्या यो-योतलं त्यात बसवलं, पॅड काढून माझ्याकडे होते तसले नवीन लावले, आणि दोन्ही यो-योंना एकाच पाकिटातली पॉलिस्टरची नवी स्ट्रिंग, तीच लांबी, जमिनीपासून बेंबीपर्यंत. एकच बेअरिंग इकडून तिकडे करत बसायचा कंटाळा येतो, येतोच, पण लोक ज्याला यो-यो स्मूद आहे, यो-यो अनरिस्पॉन्सिव्ह नाही (म्हणजे बाइंडशिवायच हातात परत येतो), यो-यो गोंगाट करतो असं म्हणतात त्यातलं अर्ध्याहून जास्त हे बेअरिंग, पॅड आणि स्ट्रिंगचं असतं. ते काय, बदलता येतं. पैसे आपण मोजतो ते धातूच्या त्या दोन अर्ध्यांचे, मग पारख त्यांचीच व्हायला पाहिजे ना. नवीन पॅड सुरुवातीला जरा जास्त पकडतात, म्हणून थोडे थ्रो होऊन ते बसेपर्यंत मी कुठलंच मत बनवलं नाही.

पहिला साधा स्लीपर (खाली सोडून जागीच फिरता ठेवणं) टाकला आणि लगेच हाताला कळलं, व्हाइब आहे, म्हणजे थरथर. स्ट्रिंगमधून बोटापर्यंत बारीक गुणगुण येत होती. उजेडाच्या समोर धरून कडा बघितली तर रेघ स्वच्छ दिसत नव्हती, किंचित पुसट, आणि फिरत्या रिमला नखाचं टोक अलगद लावलं तर गुरगुर चालू. मालक म्हणतो असा नव्हता आधी. मग परत उघडला, एका बाजूच्या आट्यांमधे काळपट भुकटी साठली होती, ॲल्युमिनियमची असणार, ती कापसाच्या काडीने साफ केली. ॲक्सल पूर्ण बाहेर काढून उलट टोकाने बसवला, दोन्ही बाजूंना सारखा जाईल असा, बेअरिंग पालथं केलं, आणि हाताने आवळला, बेताने. ॲक्सल स्टीलचा आणि आटे ॲल्युमिनियमचे, ताकद लावली की हार कोणाची होणार ते ठरलेलंच आहे. परत स्लीपर टाकला तर बोटाला काही नाही, नखाला मात्र थोडं जाणवतंय. नखाचा व्हाइब मी माफ करतो. खेळताना तो कुठे कळतो? लोक त्यावरून यो-यो परत करायला निघतात ते मला झेपत नाही.

स्लीपर किती वेळ फिरतो हे मी घड्याळ लावून मोजलंच नाही. चांगल्या थ्रोवर हल्लीचे सगळेच मेटल यो-यो गरजेपेक्षा जास्त फिरतात. बघायचं असतं ते खराब थ्रोवर काय होतं ते, कारण कॉम्बोच्या शेवटी आपल्या हातात जो यो-यो उरतो तो सरळ, फुल स्पीडचा कधीच नसतो. म्हणून मी मुद्दाम तिरके थ्रो टाकले आणि त्यावर लांब कॉम्बो केला, आधी जुन्यावर मग यावर. जुन्याचा तिरकेपणा मधेच वाढायला लागतो, स्ट्रिंग आतल्या भिंतीला घासते, घासली की स्पीड जातो, स्पीड गेला की अजून तिरका, मंदावलेला भोवरा डुलतो ना तसंच. बायमेटल जितका तिरका टाकला जवळपास तेवढाच तिरका शेवटपर्यंत. शेपही व्ही सारखा आहे, पॅडपासून कडेपर्यंत सरळ उतार, त्यामुळे स्ट्रिंगला घासायला भिंतच कमी मिळते.

पण इथेच एक गोष्ट लक्षात आली जी कोणी सांगत नाही. जो यो-यो तिरका व्हायला वेळ घेतो तो परत सरळ व्हायलाही तेवढाच वेळ घेतो. जुन्यावर मला सवय होती, चालू ट्रिकमधे स्ट्रिंग एका बाजूला हलकी दाबायची की तो यायचा रेषेत. हा ढिम्म. दाबा, अजून दाबा, मग कुठे साहेब हलणार. म्हणजे थ्रो सरळ असेल तर स्वर्ग, आणि तिरका असेल तर तो तिरकेपणा तुम्ही कॉम्बोभर आपल्या शरीराने फिरून फिरून सांभाळायचा.

हॉरिझाँटलला, म्हणजे यो-यो आडवा फिरवत खेळताना, हाच हट्टीपणा कामाला येतो. यो-यो आडवा केला की तो आडवाच राहतो, रुंदी असल्यामुळे स्ट्रिंगवर घ्यायला जागा मोठी, माझे जे कॉम्बो जुन्यावर अर्ध्यात खाली झुकायचे ते यावर पूर्ण झाले. इथे मात्र सरळ सरळ फरक पडला, त्यात वाद नाही.

स्पीडबद्दल मला वाटलं होतं जड जाईल. तसं नाही झालं, हलवताना तो हलका वाटतो, मधला भाग कोरलेला असल्यामुळे असेल. पण दिशा बदलताना, म्हणजे एका माउंटवरून (यो-यो स्ट्रिंगवर बसलेला असतो ती स्थिती) झटक्यात उलट बाजूला न्यायचा तिथे, शेवटी एक हलकासा धक्का बोटाला बसतो. जुना कसा अंगातून वाहत गेल्यासारखा जातो. स्लॅक, व्हिप, एली हॉप्स या ट्रिकमधे दोघांत फारसा फरक नाही, तिथे स्ट्रिंगच जास्त बोलते. दोन अर्ध्यांमधल्या गॅपमधे स्ट्रिंगचे थर चढवणाऱ्या ट्रिकमधे, स्पिरिट बॉम्बसारख्या, हा एकदाही अचानक हातावर आला नाही.

बाइंडला तक्रार नाही, फक्त स्पीड जास्त शिल्लक असताना बाइंड केला की तो तळहातावर असा येतो की दोन मिनिटं हात झटकत बसावं लागतं. स्टीलच्या रिंगची कड आतल्या बाजूला जराशी टोकदार आहे, बोटाच्या पेराला लागली की कळते. फिंगरस्पिनसाठी (यो-यो बोटाच्या टोकावर फिरवणं) मधली वाटी उथळ आहे, बोट सरकतं, त्यामुळे ज्यांचं खेळणं फिंगरस्पिनवर चालतं त्यांनी दुसरं काही बघा. ग्राइंड (फिरता यो-यो हातावर सरकवणं) ठीक, बॉडीला ब्लास्ट फिनिश आहे, म्हणजे किंचित खरबरीत, कोरड्या हातावर मस्त सरकतो, घाम आला की अडतो.

एक तपासणी मात्र सेकंडहँड बायमेटल घेणाऱ्या प्रत्येकाने करावी. रिंग बॉडीत दाबून बसवलेली असते, जोरात पडला तर ती किंचित सरकू शकते आणि मग तो व्हाइब ॲक्सल उलटा करून किंवा बेअरिंग बदलून जात नाही. रिंग आणि बॉडीच्या सांध्यावरून सगळीकडे नख फिरवा, कुठे पायरी लागली तर सोडून द्या. यावर रिंगला दोन बारीक डिंग (आपटल्याच्या खुणा) होत्या पण सांधा सलग होता.

आता घ्यायचा का? मी दोन बाजूंनी विचार केला. स्पर्धेत उतरणाऱ्याने, खास करून 1ए मधे (एका यो-योच्या स्ट्रिंग ट्रिकचा विभाग), डोळे झाकून घ्यावा. वर्ल्ड कॉन्टेस्टच्या फायनलला 3 मिनिटांचा फ्रीस्टाइल, म्हणजे गाण्यावरचं सादरीकरण, असतो, गाठ पडून यो-यो बदलावा लागला तर गुण जातात, आणि टेन्शनमधे पहिला थ्रो तिरकाच पडतो, तिथे हा सांभाळून घेतो. मी स्पर्धेत उतरत नाही. मी संध्याकाळी हेडफोन लावून हळूहळू नवीन काहीतरी जुळवत बसणारा माणूस, मला यो-यो जरा ऐकणारा लागतो.

तरी घेतला, आणि तो हॉरिझाँटलसाठीच घेतला हे मालकालाही सांगितलं. तो हसला, म्हणाला तुझी मर्जी. आता त्यात मधे खोलगट असलेलं बेअरिंग टाकलंय म्हणजे स्ट्रिंग भिंतीपासून लांब राहते, आणि स्ट्रिंग नेहमीपेक्षा एक नंबर बारीक, त्याने तो दिशा बदलतानाचा धक्का थोडा कमी वाटतो. उभ्या खेळासाठी जुना 6061 च हातात येतो, त्याला फक्त नवीन पॅड लावायचे राहिलेत.