वाड्याचा डावा खण

खान्देशातल्या पारोळा भागातला मातीच्या भिंतींचा जुना वाडा. पुढे ओटा, मग तीन खणांची ओसरी, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दुरुस्तीच्या नकाशात डाव्या खणात न्हाणीघर दाखवलं होतं आणि धाब्यावर चार इंच काँक्रीट. लाकूड तपासून वारसामूल्याचा तक्ता भरणं एवढंच आमचं काम.

कडीवर, म्हणजे धाबं तोलणाऱ्या लाकडी तुळईवर, हातोडी मारायची. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर टोचा घालून बघायचं. कड्या बहुधा भिंतीत शिरलेल्या टोकालाच कुजतात. इथे वरून भारही होता. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची रीत, पण जुना थर न खरवडता टाकत गेलं की फूटभर माती साचते. म्हणजे चौरस मीटरला जवळपास 500 किलो. त्यावर काँक्रीट ओतलं तर आणखी 240, शिवाय भेगांतून शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

डाव्या खणाची मापं घेताना घरातल्या आजी म्हणाल्या, "आमनी कानबाई आठेच बठस."

खान्देशची देवी कानबाई इथेच बसते, असं त्या सांगत होत्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरत-पुण्याला गेलेली सगळी भावकी इथे जमते. सव्वाच्या मापाने गहू घेऊन नैवेद्याचे रोट होतात. सोमवारी कानबाई विसर्जनाला निघते ती ह्याच ओट्यावरून. नकाशात ह्या खणावर 'रिकामी जागा' असं लिहिलेलं!

वारसा-जतनाविषयीच्या 1994 च्या नारा (जपान) दस्तऐवजात वास्तूचं अस्सलपण ठरवताना आकार आणि साहित्याबरोबर वापर, परंपरा, कारागिरी आणि जागेचा भाव हेही धरले आहेत. खान्देशात ह्याचा दाखला लांब शोधायला नको. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीता सांगितली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या भिंतींचं मोल दगड-चुन्याच्या दरात कसं बसवणार?

म्हणून तक्त्यात डावा खण 'अतिमहत्त्वाचा' नोंदवला. कोण कुठे बसतं, देवी कोणत्या दाराने निघते, सारवण कोण करतं, हे आजींकडून विचारून नकाशावरच लिहिलं. न्हाणीघर परसात हलवलं. काँक्रीट रद्द. जुनी माती खरवडून चार-पाच इंचच ठेवायची, कुजलेल्या टोकांना सागाचे जोड द्यायचे आणि भिंतीत टोकाभोवती हवेला फट सोडायची. धाबं मृगाआधी पुरं करायचं आणि श्रावणात ओट्यावर परांच्या बांधायच्या नाहीत, ही अट अंदाजपत्रकातच घातली.